दुसऱ्या माणसाचे रिव्हॉल्वर

जून महिन्यात आमच्या खाडीवर येणारी सकाळ फार लांबून येत नाही. रात्रभर ती उत्तरेच्या डोंगरांआड जागीच बसलेली असते, आणि चारच्या सुमारास अंगावरचे पांघरूण सारून उठावे तशी पलीकडच्या कड्यावर येऊन उभी राहते. कोळ्यांची जाळी दुरुस्त करण्याच्या ज्या माडीवर मी काम करतो, आणि जिच्या एका कोपऱ्यात राहतोही, तिला पूर्वेकडे एकच खिडकी आहे. उजेड आधी त्या खिडकीच्या वरच्या डाव्या काचेत शिरतो. काचेला जुना तडा आहे. तिथे तो क्षणभर थबकतो, दुभंगतो, आणि मग त्याचे दोन्ही भाग वेगवेगळ्या वाटांनी आत येतात. एक भाग तुळईवरून लोंबणाऱ्या, सामन माशांसाठीच्या जाळ्यांवर चढतो. हिरवट दोऱ्याची प्रत्येक गाठ आधी काळी दिसते, मग तपकिरी, आणि बऱ्याच वेळाने स्वतःच्या रंगाची. दुसरा भाग जमिनीवरून येतो: फळ्यांमधल्या भेगा, शिशाच्या वजनांची पाटी, तळाशी कालची कॉफी वाळलेला कप, लाकडी सुई. या उजेडात विशेष असे काहीच नाही. रोज तो येतो, रोज त्याच वस्तू दाखवतो, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या रोज त्याच पाहतो, कारण त्या अर्ध्या तासात माझ्याकडून कुणालाच काही नको असते.

शेवटी तो समोरच्या भिंतीपाशी पोचतो आणि तिथे टाचलेल्या कागदावर थांबतो. त्या कागदावर सतरा रिव्हॉल्वरांची यादी आहे. वजन, नळीची लांबी, चक्रीत गोळ्या किती, मुठीला लाकूड की रबर, असे सगळे माझ्या बारीक अक्षरात. सतरांपैकी चौदांवर काट मारलेली आहे. ही यादी तयार व्हायला दोन वर्षे लागली, आणि त्या बुधवारी सकाळी माझ्याकडे तीन दिवस उरले होते.

शनिवारी ऑरिनचे पाण्यावर उतरणारे छोटे विमान आम्हाला वरच्या तळ्यावर सोडणार होते. तिथून कोल्हेखिंड ओलांडून नदीच्या मुखापर्यंत दहा दिवसांची चाल. वाट नाही, झोपडी नाही, आणि सामन नदीत चढू लागलेला असल्यामुळे अस्वलांचा सुकाळ. आम्हाला म्हणजे मला आणि अँसलला. हा बेत आम्ही चौदा वर्षांचे असताना केला होता आणि त्यातील कामांची वाटणीही तेव्हाच झाली होती: अँसल रायफल घेऊन पुढे चालणार, मी तंबू, भांडी आणि शिधा घेऊन मागे, आणि रायफल कमी पडलीच तर असावे म्हणून माझ्या छातीवर एक रिव्हॉल्वर. दोन वर्षांपूर्वी अँसल होड्या बांधायला ऑरेगॉनला गेला, एका हंगामापुरता. रायफलही घेऊन गेला. एप्रिलमध्ये मी त्याला तारीख कळवली तेव्हा त्याचे उत्तर आले, 'बघू.' यादीच्या खाली मी लिहून ठेवले: अँसल, होकार.

अगाफ्यामावशीचे दुकान धक्क्याच्या टोकाला आहे. तिथे गळ, रबरी बूट, दोरखंड आणि बंदुका मिळतात, आणि न मागता कॉफी मिळते. मावशीचे वय सत्तरीच्या पुढे. अर्धे गाव तिचे खरोखरचे भाचे आहे आणि उरलेले अर्धे तिला तरीही मावशीच म्हणते. मी दार ढकलले तेव्हा ती जहाजी बिस्किटांवर धुरवलेला सामन लावत होती आणि पर्डीकाका, ज्यांनी चाळीस वर्षे हॅलिबट माशांच्या धंद्यातली बोट चालवली आणि आता फक्त मते चालवतात, स्टोव्हशेजारच्या दोन खुर्च्यांवर पसरले होते.

"पर्डी, पाय काढ," मावशी म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय."

"हे कसलं गिऱ्हाईक? दोन वर्षं येतंय. वर्षअखेरी माल मोजशील तेव्हा यालाही मोज."

"तू पंधरा वर्षं येतोयस, तुला कुठे मोजलं? बस, वेंडल. खा आधी."

मी बसलो. माझ्या खिशात यादीची नक्कल होती. ती बाहेर काढावी की नाही या विचारात मी एक बिस्कीट संपवले.

"काढ, काढ," पर्डीकाका म्हणाले. "तुझा तो वेद काढ बाहेर. आज किती अध्याय राहिले?"

"तीन."

मावशीने हात पुसले आणि काचेच्या कपाटातून तिन्ही रिव्हॉल्वरे काढून नमद्याच्या तुकड्यावर ओळीने ठेवली. प्रत्येकाची चक्री उघडून ती रिकामी असल्याचे आधी स्वतः पाहिले, मग मला दाखवले, मग पर्डीकाकांना. हे ती दिवसात वीस वेळा करत असेल, पण दर वेळी पहिल्यांदाच करत असल्यासारखे करते.

पहिले, गोळीच्या मापाने, पाचशेचे होते: नळी एवढी रुंद की तिच्यात माझी करंगळी गेली असती, गोळ्या पाच, वजन साडेचार पौंड. दुसरे चव्वेचाळीसचे, पोलादी, सहा गोळ्यांचे, तीन पौंडांचे, दिसायला शाळामास्तरासारखे. तिसरेही चव्वेचाळीसचेच, पण हलक्या मिश्रधातूचे, दोन पौंडांनाही थोडे कमीच. त्याचा करडा रंग पावसाळी समुद्रासारखा होता, आणि खरे सांगायचे तर माझे मन मागच्या ऑक्टोबरपासून त्याच्यावरच होते.

"पाचशेवालं घे," पर्डीकाका म्हणाले. "डोकं चालवूच नकोस. मी ते एकदा झाडलं. त्या दिवसापासून मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि बायको जेवताना माझ्या डाव्या बाजूलाच बसते. संसार सुखाचा झाला."

"ती मुद्दाम तिकडे बसते," मावशी म्हणाली. "तुला काय काय म्हणते ते आम्ही ऐकतो. वेंडल, तू सांग. तुला कुठलं वाटतं?"

"हलकं," मी म्हणालो.

"का?"

बोलण्यासाठी मला नेहमी थोडी तयारी लागते, पण या प्रश्नाची तयारी दोन वर्षे झालेली होती. मी सांगितले, की पहिला माणूस रायफल नेतो म्हणून बाकीचे ओझे दुसऱ्याकडे येते: तंबू, दोर, भांडे, वास कोंडणारे शिध्याचे डबे. एकूण अठ्ठावन्न पौंड. त्यात प्रत्येक औंस मोजावा लागतो. शिवाय पाठपिशवीचा पट्टा कमरेला असतो, तेव्हा शस्त्र छातीवरच बांधायचे, आणि तीन पौंड पोलाद दहा दिवस छातीवर वागवायचे म्हणजे मानेची वाट. आणि हे शस्त्र मुख्य नाहीच. ते जोडीचे. ते वापरायची वेळ आली तर ती एखाद्या क्षणाची.

"पाठ केलंय," पर्डीकाका मावशीला म्हणाले. "शाळेत एवढं केलं असतं तर राज्यपाल झाला असता."

"हे हलकं हातात धरायला गोड आहे," मावशी मला म्हणाली. "झाडलंस की वाटेल, अस्वल परवडलं. तळहाताची सालं काढतं. आणि एक आणखी ऐक. अंग हलकं असल्यानं याचा धक्का एवढा बसतो, की चक्रीत उरलेल्या गोळ्यांची टोकं त्या हिसक्यानं पुढे सरकतात. तीन झाडल्यास आणि चौथीचं टोक बाहेर आलं, की चक्री फिरत नाही. मग त्याचा दोन पौंडांचा दगड होतो."

"चौथी लागेलच कशाला?" मी म्हणालो. "तोवर अँसलची रायफल..."

पर्डीकाकांनी कॉफीचा कप तोंडाला लावला आणि तो तिथेच धरून ठेवला. मावशी नमद्यावरची घडी नीट करू लागली. दोघांनाही एकाच वेळी काहीतरी काम निघाले.

"मिरचीचा फवारा तर नेणार आहेस ना?" तिने विचारले.

"दोन डबे. एक त्याला."

"हं."

तेवढ्यात दार उघडून ऑरिन आत आला. ऑरिन वैमानिक आहे आणि जगातील प्रत्येक गोष्टीकडे तो ती उचलावी लागणार असल्यासारखे पाहतो. त्याने माझ्याकडेही तसेच पाहिले आणि कानामागची पेन्सिल काढली.

"बरा सापडलास. शनिवारची वजनं दे."

"माझं एकशे बेचाळीस. पाठपिशवी अठ्ठावन्न."

"आणि अँसल?"

"एकशे नव्वद."

"हे कधीचं?"

"दोन वर्षांपूर्वीचं."

"ऑरेगॉनात दोन वर्षं राहिलाय तो," ऑरिन म्हणाला. "तिथे सफरचंदं पिकतात. शिवाय त्याची ती डॅनिका बेकरी चालवते म्हणे. दोनशे पाच धरू?"

"दोनशे पाच धर," मी म्हणालो.

"धरतो. पण तो येतोय ना? शुक्रवारी?"

"येतोय."

"असं तो म्हणाला?"

"तो 'बघू' म्हणाला."

ऑरिनने पेन्सिल कागदावर टेकवली आणि तशीच ठेवली. "'बघू' म्हणजे किती पौंड?"

पर्डीकाका हसले आणि त्यांच्या नाकात कॉफी गेली. मीही हसलो, कारण विनोद चांगला होता.

"चेष्टा सोड," ऑरिन म्हणाला. "मोजणी खात्याचा एक माणूस त्याच तळ्यावर जायला बसलाय. त्याच्याकडे तिपाई, पेट्या, काय काय आहे. तुम्ही दोघं असाल तर त्याला मी सोमवारी नेईन. तू एकटा असशील तर तोही शनिवारीच मावतो. उद्या संध्याकाळी सात वाजता मला नक्की आकडा लागेल. हा दोघांचा आकडा देऊन ठेवलास आणि शनिवारी धक्क्यावर एकटाच दिसलास, तर मी उडणार नाही. कोल्हेखिंडीत पाय मोडलेली माणसं शोधत फिरायची हौस माझी फिटली आहे."

तो गेला. जाताना त्याने एक बिस्कीट उचलले आणि हातात तोलून पाहिले.

मावशीने तिन्ही रिव्हॉल्वरे एका डब्यात ठेवली. "उद्या पाच वाजता खाणीवर ये," ती म्हणाली. "तिन्ही आणते. तुझा कागद राहू दे घरी. ग्लॅडिसलाच विचारू."

त्या दुपारी मी एकशे दहा हात जाळे विणले आणि त्यातले चाळीस हात उसवले. जेवणाआधी मी अँसलला लिहायला बसलो. आधी लिहिले की सामन या वर्षी लवकर चढला आहे. ते पुसले. मग लिहिले की खिंडीतले बर्फ वितळले आहे असे ऑरिन म्हणतो, आणि आपण ज्या दगडाला 'स्वयंपाकघर' असे नाव नकाशावर बघूनच दिले होते तो विमानातून दिसतो म्हणे. तेही पुसले. अखेर एवढेच पाठवले: 'तुझं वजन किती आहे?'

उत्तर पाच मिनिटांत आले. 'का रे? माझ्यासाठी कोट शिवतोयस?' आणि खाली एक छायाचित्र: पिठाने माखलेला अँसल, त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात, मागे एक छोटे, नव्याने लावलेले सफरचंदाचे झाड.

मी ते छायाचित्र बराच वेळ पाहिले. मग मनाशी ठरवले, की तो थट्टा करतो आहे, आणि माणूस थट्टा करतो ती त्याला सगळे व्यवस्थित लक्षात असते म्हणूनच. चेहऱ्यावरून मला तो दोनशे दहाचा वाटला. ऑरिनला सांगायला हवे, अशी नोंद मी यादीच्या खाली केली.

खाण म्हणजे गावामागचा वाळू-खडीचा खड्डा. रस्ते झाले तेव्हा तिथून खडी काढली, आणि रस्ते संपल्यावर गावाने तिथे ग्लॅडिस आणून ठेवली. ग्लॅडिस ही प्लायवूडची अस्वलीण आहे. समोरून धावत येणाऱ्या अस्वलाचा आकार, खाली दोन जुन्या स्की, आणि पुढे बांधलेला लांब दोर. दोर खुंटाच्या कप्पीतून वळवून बाजूच्या बांधामागे नेलेला असतो आणि तिथे चारचाकी फटफटीला जोडलेला असतो. फटफटी बांधामागून सुटली की ग्लॅडिस चाळीस पावलांवरून थेट अंगावर येते, आणि तीन पावलांवर रचलेल्या टायरांवर धडकून थांबते. तिच्या अंगावरची भोके सामनच्या डब्यांच्या झाकणांनी बुजवतात, त्यामुळे उन्हात ती चमचमते. दर वसंतात पर्डीकाका तिचे ओठ लाल रंगवतात. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

मी पोचलो तेव्हा सूर्य अजून दुपारच्याच ठिकाणी होता. मावशीने कानात घालायचे बोळे दिले, आणि आधी स्थिर ग्लॅडिसवर तिन्ही रिव्हॉल्वरे एकामागून एक चालवायला सांगितली.

पाचशेवाल्याबद्दल मला फार आठवत नाही. आवाज झाला, आणि त्यानंतर मी आकाशाकडे पाहत होतो.

"ढगाला लागली," पर्डीकाकांनी निकाल दिला. "नेम वाईट नाही. ढग लहान होता."

पोलादी चव्वेचाळीस हातात जड, शांत आणि कंटाळवाणे होते. सहांपैकी चार गोळ्या ग्लॅडिसच्या छातीत गेल्या. मावशीने फक्त मान हलवली. मग मी हलके घेतले. पहिल्याच बाराला ते माझ्या मुठीत असे उसळले, की अंगठ्याच्या मुळाशी कुणीतरी दाराची कडी आपटल्यासारखे वाटले. तीन बारांनंतर तळहात सोलवटला होता. ग्लॅडिसला एक लागली होती, कानाच्या कडेला, जिथे आधीच झाकण होते.

"तर मग?" मावशी म्हणाली.

"हेच," मी म्हणालो. "सरावानं जमेल."

"परवा शनिवार आहे, बाळा."

"हे जोडीचं आहे, मावशी. मुख्य नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे बारीक आहेत आणि आयुष्यभर पाण्याकडे पाहिल्याने त्यांच्या कडेला जाळीसारख्या सुरकुत्या आहेत. "बरं," ती म्हणाली. "मग जोडीचं म्हणूनच बघू. चल, जागेवर उभा राहा. पर्डी, बांधामागे जा, आणि सावकाश सोडू नकोस. ती अस्वलीण आहे, टपालाची गाडी नाही."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या गावात कुणालाच सांगावी लागत नाही. उभे राहायला जमिनीत अर्धे पुरलेले दोन टायर आहेत: उजवे पहिल्या माणसाचे, डावे दुसऱ्याचे. पहिला रायफल चालवतो. दुसरा हात छातीवर ठेवून उभा राहतो, आणि पहिल्याने बार काढून 'रिकामी' अशी हाक दिल्याशिवाय शस्त्र बाहेर काढत नाही. हा नियम दोन सख्ख्या भावांमुळे झाला, ज्यांनी एकाच अस्वलावर एकाच क्षणी शस्त्रे रोखली होती. अस्वल सुखरूप गेले. धाकट्याच्या बुटाला भोक पडले, आणि थोरला अजून त्याला दर नाताळात बूट देतो. गावातले प्रत्येक मूल चौदाव्या वर्षी हा नियम शिकते. मी आणि अँसल एकाच दिवशी शिकलो. तो उजव्या टायरवर गेला, मी डाव्या. कुणी ठरवले नव्हते. पुढे दहा वर्षे आम्ही कधी जागा बदलल्या नाहीत, आणि त्याच्या रायफलचा पहिला आवाज ऐकू आला की माझ्या बोटांना आपोआप कळायचे की आता त्यांची पाळी जवळ आली.

मी रिव्हॉल्वर भरले, छातीवरच्या म्यानात ठेवले, आणि डाव्या टायरवर जाऊन उभा राहिलो. मावशी मागे दहा पावलांवर होती. तिने हात वर केला. बांधामागे फटफटी गुरगुरली.

ग्लॅडिस निघाली. सुरुवातीला ती किंचित डोलली, एखादी जाडी बाई बोटीतून उतरताना डोलते तशी, आणि मग दोर ताणला गेला व ती सरळ झाली. स्कींखाली खडी उडत होती. झाकणे लखलखत होती. तीस पावले. माझा उजवा तळहात म्यानावर होता, सोललेल्या कातडीला रबराची मूठ झोंबत होती, आणि मनात विलक्षण शांतता होती. एवढे तयार मला आयुष्यात कधी वाटले नव्हते. वीस पावले. मला तिचे लाल ओठ दिसत होते. या वर्षी पर्डीकाकांनी कोपऱ्यात थोडे हसूही काढले होते. पंधरा. दहा. माझे सगळे शरीर उजव्या कानात येऊन उभे होते.

ती टायरांवर धडकली, मागे झुकली, पुढे आली, आणि तीन पावलांवर थरथरत थांबली. तिच्या स्कींनी उडवलेली धूळ माझ्या बुटांवर हळूहळू बसली.

फटफटी बंद झाली. पर्डीकाका बांधावर आले.

"काय झालं? अडकलं का ते?"

"नाही," मी म्हणालो.

"गोळ्या भरल्या होत्यास?"

"भरल्या होत्या."

"मग काय तिच्याशी लग्न करायचा विचार होता? एवढ्या जवळून तिला आजवर फक्त मीच बघितलंय."

मावशी पुढे आली, माझ्या म्यानातून रिव्हॉल्वर हलकेच काढले, चक्री उघडली, गोळ्या तळहातावर ओतल्या, रिकामी चक्री आधी स्वतः पाहिली, मग मला दाखवली.

"कशाची वाट बघत होतास?" तिने विचारले.

"पहिल्या बाराची."

पर्डीकाकांनी मावशीकडे पाहिले. ते ग्लॅडिसपाशी गेले आणि तिच्या कानावरचे सैल झालेले झाकण ठाकठीक करू लागले, ज्याची काहीच गरज नव्हती.

"हे बघ," मावशी म्हणाली. तिचा आवाज दुकानातल्यासारखाच होता, दोरखंडाची जाडी सांगावी तसा. "हे माझं रोजचं काम आहे, तेव्हा नीट उत्तर दे. दोघं जाणार असाल तर हे हलकं ने. तुझं म्हणणं बरोबर आहे, दुसऱ्याला हे चालतं. हात बरा होईल. पण एकटाच जाणार असशील तर हे तुला विकणार नाही. मग तू ते पोलादी नेशील, माझी जुनी रायफल उसनी नेशील, ओझं दहा पौंडांनी कमी करशील, आणि उद्या दिवसभर मी तुला त्या दुसऱ्या टायरवर उभं करीन. किंवा जाणारच नाहीस. तेही चालेल. त्यानं काही कुणाचं नाक कापलं जात नाही. पण कुणासाठी निवडायचंय ते कळल्याशिवाय मी काय देऊ?"

"शुक्रवारी संध्याकाळी बोट येते," मी म्हणालो.

"येते."

"तो कधीकधी न सांगता येतो. त्या नाताळात आला होता तसा."

"आला होता. तेव्हा तो इथेच राहत होता, बाळा. खाडीपलीकडून आला होता."

"त्याच्या रायफलीला नवा पट्टा घेऊन ठेवलाय मी."

"माहीत आहे. माझ्याकडूनच घेतलास."

फटफटीचे इंजिन थंड होताना टिकटिक करत होते. ऊन तसेच होते. आमच्याकडे जूनमध्ये संध्याकाळ कुणाचीही अडचण सोडवत नाही, अंधार पडला म्हणून घरी जायची सोय नसते. मी उजव्या टायरकडे पाहिले. त्याच्या आत गवत उगवले होते, घोट्याएवढे, आणि त्याच्या तळाशी मागच्या वर्षीचे वाळलेले.

"साडेसहा झाले," मावशी म्हणाली. "ऑरिनला काय सांगू? आणि तुझ्यासाठी कुठलं बांधू?"

मी मूठ उघडली. तळहातावर एक लाल चकती उमटली होती. ती बघत मी मनातल्या मनात पुन्हा एकदा सगळे मांडले: सामन, बर्फ, नकाशावरचा दगड, दोनशे पाच पौंड, की दोनशे दहा.

"अँसल येणार नाहीये," मी म्हणालो.